लाल दोऱ्याचं प्यादं

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, हे ठाण्यातले सर्वांत चिक्कू गृहस्थ आहेत असं माझी आई म्हणायची, आणि आई सहसा खोटं बोलत नसे. अर्धवट जळलेली काडी ते फेकत नसत, समईवरून चुलीपर्यंत विस्तव न्यायला तेवढी पुरते म्हणून कोनाड्यात ठेवत. मोडलेल्या छत्रीच्या काड्या, फुटक्या दौतीचं झाकण, तुटलेल्या जोड्याचा चांगला राहिलेला अंगठा, सगळं माळ्यावर. कलेक्टर कचेरीत त्यांची सारी हयात नोकरीत गेली, आणि तिथेही एकच टाक झिजून बोटाएवढा होईपर्यंत ते वापरत असं त्यांचे सोबती चेष्टेने सांगत. आणि हाच माणूस बुद्धिबळाच्या पटावर बसला की वजीर देऊन टाकायचा.

देऊन टाकायचा म्हणजे चुकून गमवायचा नव्हे. समोरच्याच्या घोड्याच्या, हत्तीच्या तोंडी हाताने नेऊन ठेवायचा. आमची ओटी तळ्याकडे जाणाऱ्या गल्लीवर होती. रविवारी दुपारी तिथे डाव मांडला जाई आणि कोर्टातले दोन-चार वकील, शेजारपाजारचे म्हातारे, असे बघे जमत. दादांनी वजीर दिला की वकील मंडळी हळहळत. मला या वकिलांचा फार राग यायचा. पटावरच्या लाकडाच्या तुकड्यासाठी इतके उसासे, आणि पक्षकाराचं शेत बुडालं तर यांच्या कपाळाला आठी पडत नसे. दादा मात्र वजीर ठेवताना कधी आपटत नसत. देवापुढे निरांजन ठेवावं तसा हलक्या हाताने ठेवत, आणि बोट लगेच काढून घेत. मग पाठीमागच्या खांबाला टेकून बसत. पुढचं सगळं त्यांना दिसलेलं असे. समोरचा वजीर घेई, बघे माना हलवत, आणि दोन-तीन चालींत त्या घेणाऱ्याच्या राजाला जायला वाट उरत नसे. त्याची स्वतःचीच मोहरी त्याच्या वाटेत उभी असत.

मी लहानपणी एकदा विचारलं होतं, "दादा, एवढा मोठा वजीर, तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतं की," ते म्हणाले. "वाईट वाटलं नाही, तर ते देणं कसलं? मग नुसतं टाकणं झालं."

मुलीला बुद्धिबळ कुणी शिकवत नसे. दादांनीही मला काही समोर बसवून शिकवलं नाही, पण हाकललंही नाही. मी दाराच्या आड बसून बघत असे, आणि बघता बघता चाली समजू लागल्या. चाली समजणं आणि खेळ समजणं यात किती अंतर आहे, ते मला पुढे कळायचं होतं.

आता एक जुनी रीत सांगायला हवी, कारण आजकालच्या मुलांना ती ठाऊक नाही. आमच्याकडे सगळी मात सारखी नव्हती. वजिराने दिलेली मात ती साधी मात, हत्तीने दिलेली तशीच. पण प्याद्याने मात दिली, तर ती प्यादेमात, आणि तिच्यासारखा मान दुसऱ्या कशाला नाही. सर्वांत लहान मोहऱ्याने राजाला धरायचं. खरे हौशी लोक तर डाव सुरू व्हायच्या आधीच आपल्या एका प्याद्याला लाल दोरा बांधत, म्हणजे हे प्यादं मात देणार असा विडा उचलत. आणि ज्याला प्यादेमात बसे, त्याने ओटीच्या कडेला उभं राहून गल्लीला ऐकू जाईल असं स्वतःच्या तोंडाने सांगायचं, "मला प्यादेमात झाली." मग पोरंटोरं टाळ्या पिटत. मी मोठमोठ्या माणसांना त्या कडेवर उभं राहून कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत लाजताना पाहिलं आहे. एका वकिलाने आवाज चोरला तेव्हा दादांनी त्याला दुसऱ्यांदा सांगायला लावलं होतं. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

एकाच माणसाला दादांनी कधी त्या कडेवर उभं केलं नव्हतं. ते म्हणजे पाटील.

पाटील ख्रिस्ती होते. माजिवड्याला त्यांची भातशेती होती, आणि गावची पाटीलकी कोणे एके काळी त्यांच्या घराण्यात होती म्हणून दादा त्यांना पाटील म्हणत. ते दादांना पंत म्हणत. नोकरीला ते कल्याणला, स्टेशनाच्या मालधक्क्यावर. रविवारी ठाण्याला येऊन चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपायची, घरी जेवायचं, आणि दुपारी आमच्या ओटीवर हजर. उंचापुरा, रुंद खांद्यांचा माणूस, पण पटावर बसला की मांजरासारखा सावध. दादांनी दिलेला वजीर घ्यायच्या आधी ते इतका वेळ विचार करत की बघे कंटाळून उठून जात. कधी ते जिंकत, कधी दादा. पण दादांचं लाल दोऱ्याचं प्यादं पाटलांच्या राजापर्यंत कधी पोचलं नाही. दर डावाला दोरा बांधायचा आणि दर डावाला पाटलांनी ते प्यादं वाटेत मारायचं, नाहीतर अडवून ठेवायचं. वर्षानुवर्षं हेच. शेवटी तो दोरा कपाळावरच्या गंधासारखा झाला. असतो म्हणून असतो, बघत कुणी नाही.

पाटलांना ओटीच्या आत येता येत नसे. आईचं सोवळं कडक होतं. त्यांच्या पाण्याचा पेला ओटीवरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे, आणि ते स्वतःच तो उचलून, पिऊन, विसळून परत ठेवत. मोहऱ्यांना त्यांचा हात लागतो म्हणून आईने एकदा ती धुवायला काढली होती. दादा तिला म्हणाले, "धू हो, पण मग माझीही रोज धूत जा, कारण मी त्यांच्या हातून रोज मार खातो." आईने पुन्हा मोहऱ्यांचं नाव काढलं नाही. पेला मात्र कोनाड्यातच राहिला. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आज वाटतं, आणि आज वाटून काही उपयोग नाही.

कल्याणला पाटील रेल्वेच्या साहेबलोकांशी खेळू लागले आणि नव्या चाली शिकून आले. साहेबाचं प्यादं पहिल्याच चालीला दोन घरं चालतं, त्याचा राजा एका उडीत हत्तीच्या पाठीमागे जाऊन बसतो, असं बरंच काही. दादा म्हणाले, "राजे पळपुटे झाले म्हणायचे." त्यावर पाटील हसले. पण एक गोष्ट दादांच्या मनाला लागली. पाटील म्हणाले, "पंत, तिकडं कोन नाय विचारत मात कुनी दिली. मात ती मात."

"बरोबर आहे," दादा म्हणाले. "आणि जेवण ते जेवण. मग लग्नात पंगत कशाला? उभ्या उभ्या गिळून घरी जावं."

आमच्या ओटीवर डाव जुन्या रीतीनेच चालायचा, यात पाटलांनी कधी खळखळ केली नाही. पण त्यांचं मन नव्या खेळात रमलं होतं, हे दादांना कळत होतं. दोरा बांधताना पाटील आता चेष्टासुद्धा करत नसत. पूर्वी म्हणायचे, "पंत, या प्याद्याचं लगीन लावताय की काय?" आता गप्प बसायचे, पेन्शनीत निघालेल्या माणसाची सवय चालवून घ्यावी तसे.

पेन्शन झाली आणि पुढे दादांचे डोळे गेले. मोतीबिंदू. सिव्हिल सर्जनला दाखवलं, त्याने पडदा काढू म्हणून सांगितलं, पण डोळ्यात सुई घालून घ्यायला दादा तयार होईनात. माझं सासर कल्याणला, यजमान शाळामास्तर, भले माणूस. त्यांनी आपणहून सांगितलं, "तू जा, वडिलांपाशी राहा." म्हणून मी ठाण्याला महिनोन्महिने राहू लागले. खाडीवरच्या पुलावरून गाडी कळव्याकडे गेल्याचा आवाज ऐकून दादा वेळ सांगत, तेवढंच त्यांचं घड्याळ उरलं. उजेड आणि सावली त्यांना कळे, माणूस कळत नसे.

डाव मात्र थांबला नाही. आता मी दाराआडून ओटीवर, दादांच्या शेजारी येऊन बसले. आईने तोंड फिरवलं, पण बोलली नाही. पाटील चाल खेळले की मी सांगायची, "घोडा मागे घेतला. हत्ती एक घर सरकला." दादा मनात पट धरून खेळत, पण मोहरं मात्र स्वतःच्या हाताने हलवत. तिथे ते कुणाचं ऐकत नसत. बोटांनी पटाच्या कडेवरून चाचपत, घरं मोजत, मोहऱ्यांच्या डोक्यांना हलकेच स्पर्श करत ते योग्य घरापर्यंत पोचत. कधी एखादं मोहरं लवंडे, मी उभं करी. कधी हात खरंच चुके आणि उंट दोन घरांच्या रेघेवरच ठेवला जाई. पाटील तो अलगद बरोबर घरात सरकवत. हे सगळं न बोलता चाले. बघे कमी झाले होते. आंधळ्याचा खेळ बघायला वकिलांना सवड नव्हती.

त्या रविवारी सकाळी दादांनी मला लाल दोरा मागितला. जुना झिजून तुटला होता. मी शिवणाच्या डबीतून काढून दिला. त्यांनी बोटाने पुढची रांग मोजून एक प्यादं माझ्या हातात दिलं. "घट्ट बांध."

"आता कशाला हे, दादा?" मी म्हटलं. "पाटीलकाका काही बघतसुद्धा नाहीत."

"न बघेनात का. बांध."

डाव लांबला. ऊन ओटीवरून गल्लीत उतरलं. पटावर मोजकी मोहरी उरली. पाटलांचा राजा कोपऱ्यात गेला होता आणि एक घोडा त्याची राखण करत होता. दादांचा उंट लांबून राजाच्या शेजारचं घर धरून बसला होता, आणि दोन प्यादी राजाच्या अगदी जवळ जाऊन पोचली होती. दादांची चाल होती. माझ्यासारखीलासुद्धा दिसत होतं की वजीर राजाच्या तिरक्या बाजूच्या रिकाम्या घरात नेऊन ठेवला की मात. माझा जीव हरखला. पुष्कळ दिवसांत ते पाटलांशी जिंकले नव्हते.

दादांनी वजीर उचलला. बोटं त्या रांगेतून चाचपत गेली, त्या रिकाम्या घराशी आली, आणि एक घर पुढे गेली. वजीर थेट राजाच्या तोंडासमोर ठेवला गेला, घोड्याच्या माऱ्यात. दादांनी बोट काढलं आणि ते खांबाला टेकून बसले.

एका घराने हात चुकला होता. मी पाटलांकडे पाहिलं. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत मला इतकी माया दिसली की मला रडू येईल असं वाटलं. घोडा उचलून वजीर मारायचा आणि डाव घ्यायचा, एवढंच त्यांना करायचं होतं. त्यांनी ते केलं नाही. आपल्या मोठ्या हाताने वजीर उचलला आणि एक घर मागे, त्या मात होणाऱ्या घरात ठेवला.

"पंत, हात जरा पुढं गेला तुमचा," ते म्हणाले. "हितं ठेवायचा व्हता ना? मात झाली मला. डाव तुमचा."

दादांचा चेहरा मी तसा पूर्वी पाहिला नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "डाव संपलेला नाही, पाटील. वजीर चालीआधी होता तिथे ठेव गं, पोरी. आज थकलो. पट असाच राहू दे."

पाटलांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे म्हाताऱ्याचा हट्ट, राहू दे. पाणी प्यायले, पेला विसळला, टोपी घातली आणि गेले. मी वजीर मागे ठेवला आणि पट उचलून ओटीच्या आतल्या बाजूला, फळीवर होता तसा ठेवला.

संध्याकाळी दिवे लागले तेव्हा मी दादांना म्हटलं, "काकांनी किती चांगुलपणा केला." ते म्हणाले, "हो. फार चांगला माणूस." आणि थोड्या वेळाने, "वजीर देणाऱ्याला घेणारा लागतो, पोरी. नाहीतर नुसता आंधळ्याचा हात चुकला." मी ते ऐकलं आणि म्हाताऱ्या माणसाचं मन दुखावलंय एवढंच समजले. हात चुकला हे त्यांनाही कबूल आहे, असा अर्थ मी घेतला. मग सांगून का नाही टाकलं त्यांनी, असं मी नंतर किती वेळा मनाशी भांडले आहे. पण सांगितल्यावर घेतलेला वजीर त्यांना नको होता. ते तसलेच होते.

पुढचा रविवार उजाडलाच नाही. गुरुवारी सकाळी अंघोळ करून संध्येला बसले आणि बसल्या जागी कलंडले. खाडीकाठच्या स्मशानात नेलं तेव्हा, माझे चुलतभाऊ सांगत होते, पाटील लांब बांधावर टोपी हातात घेऊन उभे होते. कुणी त्यांना जवळ या म्हटलं नाही. चिता विझेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

सुतक फिटल्यावरच्या रविवारी ते आले. नेहमीच्याच वेळेला. आई आतल्या अंधाऱ्या खोलीत कोपरा धरून बसलेली होती, विधवेला वर्षभर बसावं लागे तशी. ओटीवर मी एकटी. पाटील बराच वेळ खांबाकडे बघत बसले. खांबावर दादांच्या पाठीने पडलेला तेलकट डाग होता. मग म्हणाले, "बाय, तो पट हाय का तसाच?"

मी फळीवरून पट उतरवला. कुणी हात लावला नव्हता. धूळ बसली होती एवढंच.

"मला एक सांग," ते म्हणाले. "मी हरलो म्हनलं व्हतं. पंतांनी डाव का घेतला नाय? इतक्या वर्सांत मी आपनहून दिलेलं त्यांनी कधी घेतलं नाय, ते ठाऊक हाय मला. पर ही मात तर त्यांचीच व्हती. एका घराचा तर फरक."

मी धूळ पुसायला लागले. एकेक मोहरं उचलायचं, पदराने पुसायचं, परत ठेवायचं. राजाजवळच्या दोन प्याद्यांपैकी एक उचललं आणि माझ्या बोटाला दोरा लागला. मीच बांधलेला, घट्ट.

मी ते परत ठेवलं आणि बघत राहिले. मग वजीर उचलला. त्या मात होणाऱ्या घरावरून पुढे नेला आणि दादांनी ठेवला होता तिथे, राजाच्या तोंडासमोर ठेवला.

"काका," मी म्हटलं, "घ्या."

"बाय, अगं..."

"घ्या. घोड्याने घ्या."

त्यांनी घेतला. दुसरं काही करताच येत नव्हतं. वजिराच्या पाठीशी प्यादं होतं, राजाला तो मारता येत नव्हता. वजीर बाजूला झाला आणि त्याच्या जागी, राजाच्या अगदी समोर, पाटलांचाच घोडा जाऊन बसला. राजाची वाट त्यानेच बंद केली. शेजारचं घर उंटाने धरलेलं होतं. उरलं ते एकच, तिरकं, रिकामं घर. ज्या घरात वजीर ठेवा म्हणून आम्ही दोघे जीव टाकत होतो, ते घर दादांनी मोकळं ठेवलं होतं. मी लाल दोऱ्याचं प्यादं एक घर पुढे, त्याच घरात सरकवलं; दुसऱ्या प्याद्याचा त्याला जोर होता.

पाटलांनी पट पाहिला. खूप वेळ पाहिला, वजीर घेण्याआधी पूर्वी बघायचे तसा. त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी दोन्ही तळवे तोंडावर घेतले.

"मी भीक घातली गं त्यांना," ते म्हणाले. "त्यांनी मला वजीर दिला, आन मी त्यांना भीक घातली."

मीही तेच केलं होतं, मनात. मग त्यांनी विचारलं, "त्यांना कळलं व्हतं का? मला काय वाटलं ते?"

नाही म्हणता आलं असतं. समोरच्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि एका शब्दाने त्याला सोडवता आलं असतं. पण त्या पटासमोर बसून आणखी एकदा दया दाखवायची मला हिंमत झाली नाही.

"कळलं होतं," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. आपला राजा हाताने आडवा केला. मग उठले, धोतर सारखं केलं आणि टोपी काढून पटाशेजारी ठेवली. मला वाटलं, निघाले. ते ओटीच्या कडेला जाऊन उभे राहिले. गल्लीत तळ्याकडून पाणी आणणाऱ्या दोन बायका होत्या, समोरच्या ओट्यावर एक वकील पान लावत बसला होता. मयताच्या घरासमोरून लोक आवाज न करता जातात, तशी सगळी गल्ली गप्प होती.

"मला प्यादेमात झाली!" पाटील ओरडले.

त्या बायका थांबल्या. वकिलाने अडकित्ता खाली ठेवला. कुणी टाळी वाजवली नाही. पाटलांनी छाती भरून श्वास घेतला आणि दुसऱ्यांदा, पहिल्यापेक्षा मोठ्याने सांगितलं, "पंतांनी मला प्यादेमात दिली. वजीर देऊन दिली!"

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. कितीतरी दिवसांत ती बोलली नव्हती. "कोण ओरडतंय गं? काय झालं?"

मी उंबऱ्याशी गेले आणि म्हटलं, "काही नाही, आई. दादा जिंकले."